सरकारी पैशाच्या अपहारात शिक्षा लागली? अपिलात या चुका टाळा

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात निकाल लागला की घरचे पहिलं विचारतात, अपील कधी टाकायचं. त्याआधी बघायचं असतं ते कलम कुठलं लागलंय नि शिक्षा किती.

शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल आणि माणूस जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलासाठी वेळ म्हणून ती थांबवू शकतं, त्यामुळे अर्ज आणि जामीनदार निकालाच्या दिवशीच हजर पाहिजेत, जामीनदार घरी सातबारा शोधत बसला तर माणूस संध्याकाळी येरवड्यात. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 (सरकारी नोकराचं गुन्हेगारी गैरवर्तन) लागलं असेल तर आता किमान शिक्षाच 4 वर्षं, तिथे ही सोय नाही, थेट हायकोर्ट. गुन्हा 2014 च्या दुरुस्तीआधीचा असेल तर किमान 1 वर्ष होतं, म्हणून तारीख गुन्ह्याची बघा, चार्जशीटची नाही.

हायकोर्ट म्हणजे मुंबईच. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (हायकोर्टाचं मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) बसतंय, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही (आपण इतकी वर्षं मागतोय तरी!).

मुदत स्पेशल कोर्टाच्या (भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या) निकालावर 60 दिवस, मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर सेशन्सला 30. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते, ती घ्याच. नकलेला (निकालाच्या प्रमाणित प्रतीला) लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नक्कल अर्ज वेळेत केला असेल तर, म्हणून नकलेवरच्या तारखा काउंटरवरच तपासा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. शिक्षेला स्थगिती मिळाली की पेढे वाटतात आणि साहेब कामावर हजर व्हायला निघतात! अहो, शिक्षा थांबली, दोष तसाच आहे. घटनेच्या कलम 311 प्रमाणे दोषी ठरलेल्याला खातेचौकशीशिवाय काढता येतं. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि लाचलुचपतीच्या केसमध्ये ती सहसा देऊ नये असं सुप्रीम कोर्टाने 2001 मध्येच के. सी. सरीन प्रकरणात सांगितलंय. वकिलाला स्पष्ट विचारा, अर्ज कशाचा टाकताय.

"पैसे परत भरले की" हा मुद्दा तर प्रत्येकाचा असतो. त्याने गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षा कमी करायला उपयोग, आणि तीही किमान मर्यादेच्या खाली जात नाही. सरकारी नोकरावर खटला भरायला लागणाऱ्या मंजुरीतल्या बारीक त्रुटींवरही सगळी भिस्त ठेवू नका, त्यामुळे प्रत्यक्ष अन्याय झाला हे दाखवता आलं नाही तर निकाल फिरत नाही.