रणगाड्यात बसायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांसाठी थोडं सविस्तर

अग्निवीर म्हणून भरती होताना चिलखती दल, म्हणजे लष्करातलं रणगाड्यांचं दल, मागून मिळत नाही. एनडीए (बारावीनंतर) किंवा सीडीएस (पदवीनंतर) या परीक्षांमार्गे अधिकारी होणाऱ्यांना मात्र प्रशिक्षणाच्या अखेरीस पसंतीक्रम देता येतो. नशिबाने हे दल मिळालंच, तर त्याचं केंद्र आणि शाळा आपल्या अहिल्यानगरला आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेज, आळेफाटा करत रस्ता सरळ तिथे जातो.

अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत 1.6 किमी 5 मिनिटं 30 सेकंदांत संपवलं की पूर्ण 60 गुण आणि 10 पुलअप्सना 40. पाम बीचच्या डांबरावर रोज पळून नडगी धरते, मग ऐन भरतीत पाय उचलत नाही. मातीचं मैदान शोधा. त्यासोबत आयटीआयला डिझेल मेकॅनिक करता आलं तर जरूर करा, कारण रणगाड्यावरचं निम्मं आयुष्य ग्रीस आणि पान्यांत जातं.

टी-90 भीष्म रणगाड्यावर तिघेच असतात: कमांडर, गनर, ड्रायव्हर. गोळा यंत्र भरतं. अर्जुनवर चौथा माणूस लोडर. तीन रणगाड्यांचा ट्रूप, चौदांचा स्क्वॉड्रन, आणि मुख्यालयाचे धरून रेजिमेंटमध्ये 45. तिघांचा संच ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण रात्रीचा पहारा, डिझेल भरणं, दारूगोळा चढवणं, ट्रॅक (चाकांवरचा लोखंडी पट्टा) बसवणं हे सगळं त्याच तिघांवर येतं. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचं काम यावंच लागतं. गनर जखमी झाला तर तोफ गप्प बसून चालत नाही.

नवशिक्या ड्रायव्हरची नेहमीची चूक ट्रॅकची असते. ट्रॅक सैल, त्यात वाळूत जोरात वळण घेतलं, की चाकांमध्ये दगड-माती अडकते आणि ट्रॅक उतरतो. मग ट्रॅकचे दुवे जोडणारी पिन ठोकून काढा, ट्रॅक सोडवा, पुन्हा चढवा, ताण द्या. अर्धा दिवस गेला. फार ताणला तरी पिना लवकर झिजतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर खाली उतरून ताण बघायचा, कंटाळा करायचा नाही.

दुसरी गोष्ट मागे येण्याची. टी-72 आणि टी-90 रस्त्यावर ताशी 60 किमीपर्यंत पळतात, पण रिव्हर्समध्ये जेमतेम माणसाच्या चालीने सरकतात. उंचवट्याआड दबा धरताना मागे निघायची वाट आधीच ठरवलेली नसेल, तर गोळा झाडल्यावर तिथेच सापडता. आमच्या मते शिकवताना नेमबाजीपेक्षा यावर जास्त वेळ द्यायला हवा.

युक्रेनमध्ये छोट्या ड्रोननी वरून, जिथे चिलखत पातळ असतं तिथे, घाव घातले. त्यामुळे आता उघड्यावर थांबणं बंद. लपायला जाळी, ट्रॅकच्या खुणा पुसणं, आणि सोबत पायदळ, सॅपर (लष्करी अभियंते), हवाई संरक्षण हवंच. एकटा रणगाडा आंधळा असतो.

जमिनीचं मोल तर जुनंच आहे. 1965 च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतात रुतले. ज्याने मुरबाड-शहापूरचं भातखाचर तुडवलंय, त्याला तो चिखल वेगळा सांगायला नको. शंका आली की कमांडरने उतरून पायाने जमीन चाचपायची, मगच रणगाडा पुढे.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा बघून या. फोटो काढण्याआधी खाली वाका आणि ट्रॅकच्या पिना आणि ट्रॅकला ताण देणारं चाक नीट न्याहाळा.