पायाला मुंग्या? आधी व्हिटॅमिन बी-१२ बघा
मधुमेहाला १२ वर्षं झाली, शुगरची मेटफॉर्मिन गोळी रोज दोनदा. गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकडे फिरताना तळपायांना मुंग्या यायच्या. मी सगळं शुगरवर ढकललं. निघालं बी-१२ कमी, फक्त १४०!

मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा, तेही बी-१२चं इंजेक्शन घेण्याआधी. नंतर आकडा फसवतो. रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका, रक्त सुधारतं पण नसा बिघडत राहतात. मेटफॉर्मिन मनानेच बंद करायची नाही हं. आपली कडक भाकरी न् शेंगाचटणी झकास, पण त्यात बी-१२ नसतं. दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. माझ्या मुंग्या जायला चार महिने लागले.