उसना रेकॉर्डर झाडाला बांधण्याआधी

परदेशात काही सार्वजनिक ग्रंथालयं पुस्तकांसारखी वन्यजीवांचे आवाज टिपणारी यंत्रंही घरी नेऊ देतात. नागपुरात पक्षीमित्रांकडे किंवा कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारून बघा. ऑडिओमॉथ, म्हणजे असं सेलवर चालणारं छोटं आवाज टिपणारं यंत्र, मिळालं, तर आधी त्याचं घड्याळ लावा. सेल काढून ठेवले की घड्याळातली वेळ पुसली जाते, आणि वेळ नसलेली नोंद शास्त्राच्या काही कामाची नाही. फाइलच्या नावात जागतिक प्रमाणवेळ येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे ५:३० ला ओरडलेला पावशा तिथे मध्यरात्री ओरडलेला दिसेल! नोंद करताना हे साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

पक्ष्यांसाठी ४८ किलोहर्ट्झचा नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) पुरे. तासाला सुमारे ३५० एमबी जागा लागते, ३२ जीबीच्या कार्डात साधारण ९० तास मावतात. कीटक खाणाऱ्या वटवाघळांसाठी मात्र १९२ किंवा जास्त ठेवा. कार्ड निदान चौपट वेगानं भरेल.

मे महिन्यात आपल्याकडे खरा शत्रू कूलर. त्याची घरघर बारीक आवाज गिळते, म्हणून यंत्र घराच्या मागच्या बाजूला, कडुनिंबावर बांधा. गोरेवाडा किंवा अंबाझरीला लावायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. जाण्या-येण्याच्या वाटेवर लावूच नका, लोकांचं खासगी बोलणं त्यात येतं.

चांगला तुकडा वॅव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्येच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या यादीला जोडा. यंत्र परत करताना कार्ड रिकामं करून, सेल काढून द्या.