दोन उमेदवार आणि एक वही

नागरिकत्वाची शपथ झाली की पहिल्या मतदानाची ओढ लागते. इथे न्यू जर्सीत दर निवडणुकीच्या आधी कुणीतरी मैत्रीण फोन करतेच, "काँग्रेससाठी दोघं उभे आहेत, कुणाला देऊ गं मत?" (काँग्रेस म्हणजे इथली संसद.) मी नाव सांगत नाही. तयारी कशी करायची ते सांगते, आणि तेच इथे लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे आपला मतदारसंघ नव्याने तपासणं. काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, 435 जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, आणि जनगणनेनंतर हद्दी बदलतात. आमच्याकडच्या सातव्या मतदारसंघाचंच बघा. डेमोक्रॅटिक पक्षाचे टॉम मॅलिनॉव्स्की आणि रिपब्लिकन पक्षाचे टॉम कीन ज्युनियर 2020 मध्ये समोरासमोर आले, तेव्हा मॅलिनॉव्स्की जेमतेम 5 हजार मतांनी निवडून आले. 2022 मध्ये तेच दोघं पुन्हा उभे होते, पण नव्या नकाशाने मतदारसंघ रिपब्लिकन बाजूला झुकला होता, आणि कीन साडेआठ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. त्यामुळे शेजारणीच्या घरासमोरची पाटी बघून आपला उमेदवार ठरवू नका, झिप कोड टाकून खात्री करा. नोंदणीही लगेच उरका, न्यू जर्सीत ती मतदानाच्या 21 दिवस आधी बंद होते.

आता वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. नियम एकच, जो प्रश्न डावीकडे विचारला तोच उजवीकडेही विचारायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण सध्याच्या खासदाराने सभागृहात दिलेली शेकडो मतं नोंदलेली असतात आणि आव्हान देणाऱ्याकडे बहुतेक वेळा फक्त भाषणं. म्हणून आव्हान देणाऱ्याने याआधी कुठे काम केलं ते शोधा. कीन अनेक वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, होते, म्हणजे त्यांची मतंही उपलब्ध होती. जानेवारी 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क राज्याच्या कायद्यात आणणाऱ्या विधेयकाच्या विरोधात त्यांनी मत दिलं होतं. प्रचारात ते काय म्हणत होते ते या मताशेजारी लिहायचं. मॅलिनॉव्स्कींच्या बाजूलाही तसाच कागद होता. खासदारांनी शेअर्सचे व्यवहार 45 दिवसांच्या आत जाहीर करायचा नियम आहे, त्यांचे बरेच व्यवहार वेळेत जाहीर झाले नव्हते आणि सभागृहाच्या नीतिमत्ता समितीपर्यंत ते प्रकरण गेलं. दोन्ही गोष्टी वहीत आल्याच पाहिजेत, तुमचा कल कुठेही असो.

मग आपल्या घराला भिडणारे दोन-तीन विषय निवडा. सगळे विषय घेतलेत तर वही अर्धवट राहील. आपल्या लोकांत ग्रीन कार्डची रांग हा विषय निघतोच. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतीयांची वर्षानुवर्षं त्यात जातात. मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात 10 जुलै 2019 रोजी 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, सिनेटने, 2020 च्या डिसेंबरमध्ये वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झालाच नाही. तेव्हा "मी बाजूने आहे" एवढ्यावर थांबू नका. विधेयकाचा सहप्रायोजक होणार का, म्हणजे त्यावर आपलं नाव लावणार का, हे दोघांच्याही कार्यालयात फोन करून विचारा. मी विचारते, आणि उत्तर मिळालं तेव्हाची तारीख समोर लिहिते. गेल्या वेळी एका कार्यालयातल्या मुलीने माहिती काढून दुसऱ्या दिवशी परत फोन केला. दुसरीकडे तीनदा निरोप ठेवूनही काही आलं नाही. तेही वहीत आहे.

घराचा मालमत्ता कर भरणाऱ्यांनी राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीबद्दल विचारावं. 2017 च्या कायद्याने तिला 10,000 डॉलरची मर्यादा घातली, 2025 मध्ये ती 40,000 झाली, पण मोठ्या उत्पन्नाला ती कमी होत जाते.

पैशांकडे बघायला विसरू नका. संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, एकूण 200 डॉलरच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि कंपनी दिसते. टीव्हीवरची जाहिरात कुणाची तेही ऐका. उमेदवाराची स्वतःची असेल तर तिला आपली मान्यता असल्याचं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. बाहेरच्या गटाची असेल तर तिचा जाब उमेदवाराला विचारण्यात अर्थ नाही.

घरात कुणी एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्यांनी देणगी देऊ नये, कायद्याने मनाई आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, पण मतदार नोंदणीच्या अर्जावर सही करायची नाही. कुणी गाडीच्या परवान्याच्या खिडकीवर अर्ज पुढे केला तरीही नाही. नागरिकत्वच काय, इथलं राहणंही त्यामुळे धोक्यात येऊ शकतं.

नमुना मतपत्रिका टपालाने आली की वही उघडून शेजारी ठेवा. काँग्रेसची जागा ही त्यावरची एकच ओळ असते. खाली काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) जागा असतात, शाळा मंडळाचे उमेदवारही असू शकतात. त्यांच्यासाठी पुढची दोन पानं कोरी सोडा.