डोकं लावून खेळायचे बोर्ड गेम कसे शिकायचे

बुद्धिबळ किंवा असले विचार करायचे गेम आपल्याला जमत नाहीत असं म्हणणारे खूप जण भेटतात, नियम कळलेले असतात, पाचसहा डाव खेळून झालेले असतात, सगळे हरलेले असतात आणि मग पट कपाटात जातो तो जातोच. मी आजवर बऱ्याच जणांना हे गेम शिकवलेत आणि त्यावरून सांगते, बुद्धी कमी पडते म्हणून कुणी हरत नाही. हरणाऱ्याने विचार केलेला असतो, भरपूर केलेला असतो, पण फक्त स्वतःच्या चालीचा. समोरच्याला आत्ता काय हवंय, हे त्याने अख्ख्या डावात एकदाही स्वतःला विचारलेलं नसतं. ही एक सवय लागली की सगळे गेम सोपे वाटायला लागतात, आणि ती लावायला बुद्धिबळापासून सुरुवात करू नका.

का ते बघा. बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्याच चालीला २० पर्याय असतात, काळ्यालाही २०, म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की ४०० वेगवेगळे डाव तयार. नवीन माणसाला एवढ्या गर्दीत काही दिसत नाही. त्याउलट फुल्ली-गोळा इतका छोटा की दोघं नीट खेळले तर बरोबरीच होते हे लहान मुलालाही थोड्या दिवसांत समजतं. आपल्याला या दोघांच्या मधलं काहीतरी पाहिजे.

माझी पहिली पसंती क्वार्टो. १६ सोंगट्या, ४ बाय ४ चा पट, प्रत्येक सोंगटी उंच किंवा बुटकी, गडद किंवा फिकी, गोल किंवा चौकोनी, भरीव किंवा वर खड्डा असलेली. एका रेषेत चार सोंगट्यांचा एखादा गुण सारखा आला की ज्याने शेवटची ठेवली तो जिंकला. गंमत अशी की ठेवायची सोंगटी तुम्ही निवडत नाही, समोरचा निवडून तुमच्या हातात देतो! त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्याने विचार केल्याशिवाय इथे पान हलत नाही. शिकताना मोठ्याने बोला, ‘या रेषेत तीन उंच झाल्यात, चौथं घर रिकामं आहे, म्हणजे उंच द्यायची नाही.’ आणि डाव अर्ध्यावर आला की न देण्यासारख्या सोंगट्या बाजूला ठेवून सुरक्षित किती उरल्या ते मोजा. देण्याची पाळी तुमची आणि सुरक्षित दोनच असतील तर एक तुम्ही देणार, एक तो देणार आणि मग तुमच्यावर वाईट सोंगटी द्यायची वेळ येणार, तेव्हा त्याआधीच ठेवताना अशी ठेवा की हा हिशोब एकाने बदलेल.

त्यानंतर कनेक्ट फोर. हा मुलांचा गेम म्हणून सोडून देतात पण यात शिकण्यासारखं बरंच आहे. उभा पट, ७ उभ्या रांगा, प्रत्येकीत ६ घरं, चकती वरून टाकली की खाली जाऊन बसते, आपल्या चार चकत्या सलग एका रेषेत आल्या की जिंकलात. सगळ्यात खालच्या ओळीत कोपऱ्यातल्या घरातून चाराच्या ३ रेषा जातात आणि मधल्या घरातून ७, म्हणून सुरुवात मध्ये. १९८८ मध्ये हा गेम पूर्ण सोडवला गेला, पहिला खेळाडू मधल्या रांगेत सुरुवात करून एकही चूक न करता खेळला तर जिंकतोच, आणि कडेच्या दोन-दोन रांगांमधून सुरुवात केली तर उलट दुसऱ्याला जिंकता येतं. पण हे पाठ करून उपयोग नाही, सवय दुसरीच लावायची आहे. चकती टाकलीत की तिच्या डोक्यावरचं घर समोरच्यासाठी उघडतं. दरवेळी टाकायच्या आधी बोट त्या वरच्या घरावर ठेवा आणि विचारा, हे घर कुणाला हवंय? एवढं केलं तरी निम्म्या चुका जातात.

आता ऑथेल्लो, याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे आपली नैसर्गिक समजूतच उलटी पडते. ८ बाय ८ चा पट, मध्ये चार चकत्या, समोरच्याच्या चकत्या दोन्हीकडून आपल्यात पकडल्या की उलटून आपल्या रंगाच्या होतात, आणि जिथे काही उलटतं तिथेच चकती ठेवता येते, शेवटी ज्याच्या जास्त तो जिंकला. नवीन माणूस काय करतो, प्रत्येक पाळीला जास्तीत जास्त चकत्या उलटवतो, पटावर सगळीकडे आपलाच रंग बघून खूश होतो आणि शेवटच्या दहा चालींत सगळं हातातून जातं. कारण पटावर तुमच्या चकत्या जास्त म्हणजे समोरच्याला उलटवायला माल जास्त, त्याला चालायला जागा भरपूर आणि तुम्हाला कमी. म्हणून डावाच्या मधल्या भागात कमी उलटवा, शक्यतो आतल्या आत, बाहेरच्या कडेला आपली भिंत उभी राहू देऊ नका. प्रत्येक चालीनंतर मोजा की आता समोरच्याला किती ठिकाणी खेळता येतं. हा आकडा दोन-तीनवर आणलात की कधीतरी त्याला न आवडणारी चाल खेळावीच लागते, आणि ती चाल म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्याला तिरकं लागून असलेलं घर. तिथे तो बसला की कोपरा घ्यायची संधी तुम्हाला मिळते, आणि कोपऱ्यातली चकती डाव संपेपर्यंत कुणालाच उलटवता येत नाही. तुम्ही स्वतः मात्र त्या तिरक्या घरात अगदी नाइलाज असल्याशिवाय जाऊ नका. एक सराव करून बघा, दोघांनी ठरवून वीस चाली होईपर्यंत शक्य तितक्या कमी चकत्या उलटवायच्या, दोन-तीन डावांत फरक दिसतो.

तर्काचा व्यायाम हवा असेल तर मास्टरमाइंडला तोड नाही. चार जागा, सहा रंग, एकूण १२९६ शक्यता, समोरच्याने लपवलेला क्रम ओळखायचा आणि प्रत्येक अंदाजाला तो फक्त एवढंच सांगणार की किती रंग जागेवर बरोबर आणि किती रंग बरोबर पण जागा चुकीची. इथे लोक पहिल्याच अंदाजात बरोबर यायची आशा धरतात. आशा सोडा, अंदाज म्हणजे प्रश्न आहे, आणि चांगला प्रश्न तो ज्याचं कुठलंही उत्तर आलं तरी बरंचसं गळून पडतं. चारही जागी लाल लावला आणि काहीच जुळलं नाही तर ६२५ शक्यता उरतात, दोन लाल दोन निळे लावले तर उत्तर काहीही येवो, जास्तीत जास्त २५६. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिलं की अशी सुरुवात करून कुठलाही क्रम पाच अंदाजांच्या आत काढता येतो. आपल्याला तेवढं जमायची गरज नाही पण कागद घ्या, प्रत्येक उत्तरानंतर काय शक्य नाही ते लिहा, मनात ठेवू नका.

हेक्स थोडक्यात सांगते. षटकोनी घरांचा पट, साधारण ११ बाय ११, आपल्या दोन समोरासमोरच्या बाजू जोडायच्या, बरोबरी होऊच शकत नाही. यातली एकच युक्ती शिका, आपल्या दोन सोंगट्या अशा ठेवायच्या की मध्ये दोन्हींना लागून दोन रिकामी घरं राहतील. त्याने एक घेतलं की तुम्ही दुसरं घ्यायचं, जोड तुटत नाही. पहिल्याला फार फायदा असतो म्हणून पहिली चाल बघून दुसऱ्याने बाजू बदलायची की नाही हे ठरवायचा नियम लावूनच खेळा.

कॅटनसारख्या फाशांच्या गेममध्ये नशीब असतं पण हिशोबही असतो, दोन फाशांच्या ३६ जोड्यांत ६ आणि ८ प्रत्येकी ५ वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. कॅटनच्या पटावर जमिनीच्या तुकड्यांवर आकडे असतात, फाशांवर तो आकडा आला की शेजारी वसाहत असलेल्याला माल मिळतो. आकड्याखालचे ठिपके तो किती वेळा येतो तेच सांगतात, वसाहत ठेवताना ते बेरजेला घ्या.

मग बुद्धिबळाकडे या. चाल खेळायच्या आधी ठरावीक क्रमाने तीन गोष्टी बघायच्या, समोरचा मला शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, पुढच्या चालीला काही मारायची तयारी करतोय का. मग हेच तीन प्रश्न स्वतःसाठी. सुरुवातीला खूप हळू वाटतं, कंटाळाही येतो, पण फुकट वजीर जाणं बंद होतं.

आणि सगळ्यात जास्त फायदा कशाने होतो तर डाव संपल्यावरच्या दहा मिनिटांनी. लगेच पट गोळा करू नका. दोघं मिळून शोधा की डाव नक्की कुठे फिरला, तिथपासून तीन चाली मागे जा, सोंगट्या परत तशा मांडा आणि बाजू बदलून तिथूनच खेळा. हरलेल्या बाजूला बसलं की समोरच्याला काय दिसत होतं ते कळतं, आणि जिंकलेल्यालाही कळतं की तो किती थोडक्यात वाचला होता. चाली आठवत नसतील तर पुढच्या वेळी लिहून ठेवा.

दोघांत फार फरक असेल तर तसंच खेळत राहू नका, एकजण कायम हरला की सोडून देतो. गो मध्ये, म्हणजे काळे-पांढरे दगड ठेवून जागा घेरायच्या गेममध्ये, यासाठी छान सोय आहे, कमजोर खेळाडू काळा घेतो आणि डाव सुरू व्हायच्या आधीच त्याचे दोन-चार दगड पटावर मांडलेले असतात. नवीन असाल तर १९ बाय १९ चा मोठा पट सोडा, ९ बाय ९ वर खेळा, कमजोर खेळाडूला दोन दगड जादा देऊन. तो सलग तीन डाव हरला तर एक दगड वाढवा, सलग तीन जिंकला तर एक काढून घ्या.