बांधकाम परवानगी अडते कुठे? या चुका टाळा

तालुक्याच्या गावात गेली अठरा वर्षं मी घरांचे नकाशे मंजुरीला टाकतो. दर उन्हाळ्यात तेच घडतं. माणूस येतो तेव्हा घराचं रंगीत चित्र तयार असतं, गवंडी ठरलेला असतो, विटांना विसार दिलेला असतो. मग पहिला प्रश्न येतो, "पंधरा दिवसांत होईल ना?" मी विचारतो, मोजणी कधी झाली? तिथे बोलणं थांबतं. परवानगी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते, नगरपालिकेच्या टेबलावर जायच्या आधीच.

कुंपण म्हणजे हद्द नव्हे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सातबारावर क्षेत्र लिहिलेलं असतं, पण तुमची जागा नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते सातबारा सांगत नाही. ते सांगते भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिच्या नकाशाची क प्रत.

काही वर्षांपूर्वी एसटीतून निवृत्त झालेले एक तात्या माझ्याकडे आले. जागा दोन गुंठ्यांची. नकाशा दुसऱ्या कुणीतरी कुंपणापासून टेप धरून काढला होता आणि तो मंजूरही झाला होता. बाजूला दीड मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, दाखवलेलं. कॉलम उभे राहिले, जोतं भरलं, आणि शेजारच्या चुलतभावाने मोजणी आणली. वडिलांच्या काळातलं ते कुंपण साठ सेंटिमीटर त्याच्या हद्दीत निघालं. म्हणजे प्रत्यक्षात बाजूला राहिले नव्वद सेंटिमीटर. जोतं मंजूर नकाशाप्रमाणे आहे असा जोते तपासणीचा दाखला थांबला.

तात्या सारखं एकच म्हणत होते, "अरे, हे कुंपण वडिलांनी घातलंय, त्याला काय मोजायचं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्या बाजूची कॉलमची अख्खी रांग तोडली, दोन खोल्या अरुंद केल्या आणि सुधारित नकाशा टाकला. मधे पावसाळा गेला. अकरा महिने ते दोघं नवराबायको भाड्याच्या एका खोलीत राहिले. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा सिमेंट ओतण्यात आणि तेच सिमेंट फोडण्यात गेला.

तेव्हापासून क प्रत हातात आल्याशिवाय मी कागदावर रेघ मारत नाही. मोजणीच्या दिवशी स्वतः जातो, शेजाऱ्यांना बोलावतो, खुणांवर सगळ्यांसमोर चुना टाकतो आणि फोटो काढून ठेवतो. घाई असेल तर द्रुतगती मोजणीची फी भरा. "आधी नकाशा टाकू, मोजणी मागाहून करू" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

"साठ दिवस झाले, आता परवानगी मिळालीच"

हे अर्धवट ज्ञान चहाच्या टपरीवर फार फिरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्ये मानीव परवानगी आहे, म्हणजे मुदतीत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, हे खरं. पण ते कलम पुढेही वाचावं लागतं. साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा कार्यालयाने काढलेल्या त्रुटींना तुम्ही दिलेलं उत्तर मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून मोजतात. शिवाय प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसलेला हवा. बसत नसेल तर मानीव परवानगीवर केलेलं बांधकाम अनधिकृतच ठरतं.

लोक कुठे अडकतात? त्रुटीपत्रात सात मुद्दे असतात, त्यातल्या चारांची पूर्तता करतात आणि दिवस मोजत बसतात. माझी सवय अशी: प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर, त्याखाली कोणता कागद जोडला त्याचं नाव, आणि सगळे मुद्दे पूर्ण झाल्याशिवाय उत्तर पाठवायचं नाही. तारखा एका वहीत लिहायच्या. ऑनलाइन अर्ज असला तरी पोच छापून फायलीत लावायची.

इथे कार्यालयांनाही माझी कळकळीची विनंती आहे. त्रुटी एकाच वेळी आणि साध्या मराठीत कळवा. एक मुद्दा पूर्ण केला की नवा निघतो, तो पूर्ण केला की तिसरा. रोजंदारी बुडवून खेपा घालणारा माणूस मग एजंटच्या दारात जातो, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. कलम 47 नुसार शासनाकडे अपिलाला चाळीस दिवस असतात, आणि कारणच हातात नसेल तर त्याने अपील कशावर करायचं?

छोट्या भूखंडाचा नियम अर्धाच ऐकणं

डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून ती राज्यभर लागू आहे. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला मोठी सवलत आहे. लोकांनी त्याचा अर्थ "परवानगीच नको" असा काढला. तसं नाही. तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि कागद द्यायचे, शुल्क भरायचं, आणि त्याची पोच हीच तुमची परवानगी. त्यापुढे तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत माहीत नसल्यामुळे माणसं एजंटला उगाच पैसे मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

घरपट्टीची पावती दाखवणं

"पंधरा वर्षं घरपट्टी भरतोय, मग बेकायदा कसं?" कर आकारणीने बांधकाम अधिकृत होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. महानगरपालिका अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लावते, पण ती भरल्यानेही ते नियमित होत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी चुका

वारसनोंद न करता आजोबांच्या नावावरच्या सातबारावर अर्ज टाकणं. आधी तलाठ्याकडे जा.

सामाईक जागेत सहधारकांची संमती तोंडी घेणं.

'इतर हक्क' हा रकाना न वाचणं. जुना बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, तिथेच सापडतो.

ऑनलाइन अर्जात मालकाच्या जागी इंजिनीअरचाच मोबाइल नंबर देणं. मग त्रुटी निघाल्याचं तुम्हाला महिन्याने कळतं.

परवानगी कायमची समजणं. ती एक वर्षाची असते. तीन वर्षांपर्यंत दरवर्षी मुदतवाढ मिळते, पण तोवर जोत्यापर्यंत काम झालं नाही तर अर्ज नव्याने करावा लागतो.

मंजूर नकाशा कपाटात आणि गवंड्याच्या हातात वेगळाच कागद. मी मंजूर नकाशाची मोठी प्रत प्लास्टिकमध्ये घालून साइटवर टांगतो. बाल्कनी फूटभर पुढे घ्यायचं कुणाच्या मनात आलं की आधी मला फोन येतो.

वास्तुशांत करून राहायला जाणं आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला परवानगी देणारा दाखला, विसरणं. घर विकायची किंवा त्यावर कर्ज काढायची वेळ आली की लोक धावत येतात. तोवर मागच्या अंगणात पत्र्याची खोली उभी राहिलेली असते आणि नकाशा जुळत नाही. भोगवट्याचा अर्ज घराला रंग चालू असतानाच द्या, तोवर इंजिनीअरही साइटवर येत असतो आणि मापं जागच्या जागी घेता येतात.