एक किलो मिरचीला धणे किती?

कंटेंट रायटिंगमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ‘बॅकलिंक आणा’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या पानाकडे येणारी लिंक मिळवा, हे ऐकावं लागतं. माझ्या गळ्यात लालबागच्या एका मसालेवाल्याची वेबसाइट पडली होती. ‘हळदीचे दहा फायदे’, ‘जिऱ्याचे सात उपयोग’ असे चाळीसेक लेख मी पाडले. एकालाही कुणी लिंक दिली नाही. कशाला देतील? तेच दहा फायदे सगळीकडे आहेत.

मग ऑफिसने लिंक विकत घेतल्या. या वाटेला जाऊ नका. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानाचं महत्त्व लिंकांवरून मोजणारं पेजरँक मांडलं, तेव्हापासून लिंक म्हणजे एका पानाने दुसऱ्याची केलेली शिफारस. विकतची शिफारस ओळखून अशा साइटला शोधात खाली ढकलायला गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं. पैसे मोजून घेतलेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण हवी, हा त्यांचा नियम. आमच्या लिंकांवर ती नव्हती. पुढचे दोन महिने त्या लिंक काढून टाकायच्या विनवण्या करण्यात गेले.

एप्रिलअखेर फोटो काढायला दुकानात गेले. ऐन सीझन, मालकांना मान वर करायला फुरसत नाही. शेजारच्या डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायकांची रांग. एक मावशी घडी घातलेला कागद पुढे करत म्हणाल्या, ‘‘बघ गं, एक किलो मिरचीला धणे एवढेच? माझी सासू जास्त घालायची.’’ मागचीने आपला कागद काढला. त्यावर तिसरंच प्रमाण!

तीन दुपारी मी तिथे वही घेऊन बसले, शिंकत. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, खडा मसाला किती, मिरची भाजता की नुसती उन्हात वाळवता? मालवणी, आगरी-कोळी, घाटी असे रकाने पाडले. मालकांच्या काट्यावर देठ काढण्याआधीचं आणि नंतरचं वजनही घेतलं, कारण बाजारातली किलोभर मिरची डंकापर्यंत किलोभर राहत नाही. हा रकाना मी सहज घातला होता, आणि पुढे लोकांनी बोट दाखवलं ते नेमकं त्याच्याकडे.

हा तक्ता साइटवर टाकला. लगेच काही झालं नाही. पावसाळा कोरडाच गेला, म्हणजे लिंकांच्या बाबतीत. पुढच्या मार्चमध्ये सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात, लिंकांच्या अहवालात, एक मालवणी पाककृतींची साइट दिसली, मग आणखी काही. कारण उघड होतं: मसाल्याची कृती लिहिणाऱ्या प्रत्येकीला वाचक हाच प्रश्न विचारतात, आणि दरवेळी उत्तर देण्यापेक्षा आमच्या तक्त्याकडे पाठवणं तिला सोपं. म्हणून आता लिहायला बसण्याआधी मी बघते, कोणाचं कोणतं काम या पानाने वाचणार आहे. नाव सांगता आलं नाही तर विषय बाजूला.

एक चूक मात्र करू नका. आम्ही साइट नवीन केली तेव्हा पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या लिंकांवर टिचकी मारणाऱ्यांना ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसू लागलं. जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्याकडे नेणारं ३०१ रीडायरेक्ट टाकायला आठ दिवस लागले. तेवढ्यात एकीने लिंक काढूनही टाकली.

मालक खूश आहेत का? परवा म्हणाले, ‘‘ताई, फोन भरपूर येतात. सगळे प्रमाण विचारतात, मिरची कोण घेणार?’’ पानाखाली भावपत्रक टाकायचं आता ठरलंय.